फेरफाराची नोंद आणि वस्तुकेंद्री विचार

आंदर मावळात टाकव्याहून ठोकरवाडी धरणाच्या जलाशयाकडे आणि पुढे खांडी-कुसूरकडे जाताना जी गावे लागतात, त्यांपैकी कोणत्याही गावाचे महसुली दप्तर घेतले, तर जमिनीविषयीचे ज्ञान त्यात ज्या शिस्तीने निरनिराळ्या नमुन्यांत वाटून ठेवलेले आढळते, ती शिस्त संगणकप्रणालींचे आराखडे करणाऱ्या पंडितांना विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुष्कळ वादविवादांनंतर गवसली, असे माझे मत आहे. गाव नमुना सातामध्ये गटाचे क्षेत्र, आकारणी, भोगवटादार आणि इतर हक्क, बारामध्ये पीकपाणी, आठ-अमध्ये एका खातेदाराची गावातील सर्व जमीन, आणि सहामध्ये फेरफार. यांपैकी फेरफाराकडे मी वाचकांचे लक्ष विशेषेकरून वेधू इच्छितो. खरेदी, वारसा, वाटणी या वस्तुतः घटना. परंतु दप्तर अशा प्रत्येक घटनेला स्वतःचा क्रमांक देते, तिच्याविषयी हितसंबंधितांना नोटिसा जातात, हरकत आली तर प्रकरण सहा-अच्या विवादग्रस्त नोंदवहीत चढते, आणि मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यावाचून तिचा अंमल सातबाऱ्यावर कायम होत नाही. जी केवळ क्रिया वाटावी तिला दप्तराने पदार्थाचे अस्तित्व बहाल केले आहे, आणि तिच्या प्रत्येक अवस्थेचा कायदाही ठरवून दिला आहे.

संगणकाच्या क्षेत्रात मात्र प्रारंभी क्रियेचेच राज्य होते. टॉम डीमार्को यांच्या 1978 सालच्या ग्रंथाने सुप्रतिष्ठित केलेली संरचित विश्लेषणाची पद्धती, माहिती कोठून येते, कोणत्या क्रियेतून जाते आणि कोठे साठते, हे वर्तुळे आणि बाण काढून दाखवीत असे. आणि आज्ञावली लिहिण्यापूर्वी तिचा आराखडा तिच्या धन्याला वाचता आला पाहिजे हा आग्रह तिने धरला, याबद्दल तिचे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण या पद्धतीने गावाच्या दप्तराची प्रणाली रचली, तर अर्ज स्वीकारणे, तपासणे, नोंद घालणे, नक्कल देणे अशा क्रिया पृथक् होतात आणि जमिनीची माहिती एका सामाईक कोठारात पडून राहते, जिथे प्रत्येक क्रियेचा हात सरळ पोहोचतो. मग एकर-गुंठ्यांच्या जागी हेक्टर-आर आले, की क्षेत्राला कोठे कोठे स्पर्श झाला आहे हे शोधण्यासाठी साऱ्या आज्ञावली धुंडाळाव्या लागतात. डेव्हिड पारनास यांनी 1972 मध्येच यावरील उपाय सांगितला होता: जो निर्णय पुढे बदलण्याचा संभव आहे, तो एकाच विभागाच्या पोटात झाकून ठेवावा आणि इतरांनी आपला कार्यभाग त्या विभागाला विचारूनच साधावा.

पारनास यांच्याही आधी, आणि अगदी वेगळ्या निकडीतून, हाच विचार ऑस्लो येथे अंकुरला होता. नॉर्वेजियन संगणन केंद्रातील क्रिस्टेन नीगार्ड आणि ओले-योहान डाल यांना प्रत्यक्ष व्यवहारांची प्रतिकृती संगणकात उभी करावयाची होती. स्थिर ठाणी आणि त्यांतून मुकाट्याने पुढे सरकणारी गिऱ्हाइके अशी त्यांची पहिली कल्पना होती. परंतु गिऱ्हाईकही स्वतःच्या क्रमाने वागते, त्यालाही स्वतःचे चरित्र असते, हे ध्यानी येताच दोहोंना त्यांनी एकाच तोलाचे मानले. पुढे सिम्युला 67 या भाषेची सिद्धता चालू असताना पुलावरच्या टोलनाक्याचे उदाहरण त्यांच्यापुढे होते: रांगेत ट्रक आणि बस दोन्ही उभे, रांगेपुरते सारे ‘वाहन’, पण प्रत्येकाचे आणखी काही निराळे. सामान्य धर्म एका वर्गात ठेवून विशेष धर्म त्याच्या उपवर्गांकडे सोपवावेत ही योजना तेथून निघाली. द्रुतगती मार्गावरील उर्से टोलनाका रोज पाहणाऱ्या मावळच्या वाचकाला हे उदाहरण परके वाटू नये.

भाषा सिद्ध झाली, तरी तिच्यात विचार कसा करावा हे सांगणारी पद्धती निर्माण होण्यास जवळजवळ दोन दशके लागली. ऑब्जेक्ट-ओरिएंटेड या नावाने आज परिचित असलेल्या या पद्धतींचा आरंभ फार साधा होता. रसेल ॲबट यांनी 1983 मध्ये सुचविले, आणि ग्रेडी बूच यांनी आडा भाषेच्या संदर्भात पुरस्कारिले, की प्रश्नाचे वर्णन साध्या भाषेत लिहावे आणि त्यातील नामांत वस्तू व क्रियापदांत त्यांची कर्तव्ये शोधावीत. नवशिक्याला हा मार्ग फार सुलभ वाटतो. परंतु त्यावरच विसंबणाऱ्याला गावाच्या दप्तरात शेतकरी, जमीन आणि तलाठी एवढ्याच वस्तू दिसतील, व सारे काम तलाठी करीत असल्यामुळे साऱ्या क्रियांचा भार त्या एका वस्तूवर येऊन पडेल. मग जुन्या पद्धतीहून निराळे ते काय राहिले? वर्णनात जे नाम ठळकपणे येते ते महत्त्वाचे असतेच असे नाही, आणि जे महत्त्वाचे असते ते पुष्कळदा क्रियापदात दडलेले असते.

म्हणून सॅली श्लेअर आणि स्टीफन मेलर यांच्या 1988 सालच्या ग्रंथाला मी या परंपरेत फार वरचे स्थान देतो. मूर्त पदार्थांबरोबरच भूमिका, घटना आणि परस्परव्यवहार यांनाही वस्तू म्हणून गणण्याचे त्यांनी स्पष्टपणे सांगितले. आणि 1992 च्या दुसऱ्या ग्रंथात प्रत्येक वस्तूचे जीवनचक्र, म्हणजे ती कोणत्या अवस्थेतून कोणत्या प्रसंगाने कोणत्या अवस्थेत जाते, हे रेखाटण्याची रीत घालून दिली. नोंदविलेला, हरकतीखालील, प्रमाणित, रद्द: फेरफाराच्या या अवस्था त्यांच्या आकृतीत जशाच्या तशा बसतात, आणि प्रमाणित झालेला फेरफार पुन्हा हरकतीखाली का जाऊ शकत नाही, हा प्रश्न आकृतीच स्वतः विचारते.

कोड आणि युर्डन, तसेच जनरल इलेक्ट्रिकमधील जेम्स रम्बॉ व त्यांचे सहकारी यांचे ग्रंथ याच सुमारास आले. रम्बॉ यांनी वस्तू, अवस्था आणि क्रिया यांची तीन स्वतंत्र प्रतिमाने एकत्र नांदविली. पण मला त्याहून मोलाची वाटते ती रिबेका वर्फ्स-ब्रॉक यांची 1990 ची दृष्टी, जिने वस्तूपाशी कोणती माहिती आहे हे विचारण्याआधी ती कशाला जबाबदार आहे हे विचारले. केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी 1989 मध्ये याच हेतूने साधी कार्डे वापरली होती: वस्तूचे नाव, तिची जबाबदारी, तिचे सहकारी, एवढेच. इव्हार याकोबसन यांनी 1992 मध्ये प्रणाली वापरणाऱ्या माणसाचा प्रसंग आरंभस्थानी आणला. नक्कल मागावयास आलेला खातेदार आराखड्यात प्रथमच मानाने दाखल झाला, तो यामुळे.

इतक्या पद्धती, आणि प्रत्येकीची चिन्हे निराळी. रम्बॉ 1994 मध्ये आणि याकोबसन पुढील वर्षी बूच यांना रॅशनल कंपनीत मिळाले, आणि नोव्हेंबर 1997 मध्ये यूएमएल ही एकीकृत चिन्हभाषा मान्य झाली. पुण्यात हडपसर येथे 1981 साली स्थापन झालेल्या टाटांच्या संशोधन केंद्रात, टीआरडीडीसीत, अशा प्रतिमानांवरूनच आज्ञावली निर्माण करणारी मास्टरक्राफ्ट ही साधने घडली. पद्धतीचे कागदावरचे चित्र प्रत्यक्ष उत्पादनाचे बीज होऊ शकते, हे आपल्याच जिल्ह्यात सिद्ध झाले. तथापि चिन्हे एक झाली तेव्हा ती चिन्हे ज्या प्रश्नांतून जन्मली ते प्रश्न पाठ्यपुस्तकांतून मागे पडले, हे नुकसान लहान नाही.

तळेगाव-लोणावळ्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील अध्यापकांना म्हणून माझी विनंती आहे, की ग्रंथालय आणि एटीएम यांची ठरीव उदाहरणे काही काळ बाजूला ठेवून विद्यार्थ्यांच्या हाती एखाद्या गावाचे नमुने सहा, सात आणि आठ-अ द्यावेत, आणि चिन्हे शिकविण्यापूर्वी त्यांना एवढेच ठरवावयास सांगावे, की यांपैकी कोणत्या नोंदीने कशाबद्दल जबाब द्यावयाचा आहे.