हाताने वाचायची लिपी

मोडीच्या वर्गात पहिल्या दिवशी बहुधा तक्ता मिळतो. डावीकडे देवनागरी, उजवीकडे मोडी. चिकाटीचे विद्यार्थी तो आठवड्याभरात पाठ करतात आणि पेशवेकाळातला खरा कागद समोर आला की पहिल्याच ओळीत अडतात. दोष त्यांचा नाही. तक्त्यात अक्षरं सुटी उभी असतात. मोडीत ती एकमेकांना धरून चालतात.

देवनागरीत आपण शब्द लिहून वर रेघ देतो. मोडी लिहिणारा कारकून कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत रेघ आधी ओढायचा. अक्षर त्या रेघेपासून सुटतं, खाली वळसा घेतं, पुन्हा रेघेकडे चढतं आणि तिथूनच पुढचं अक्षर निघतं. बोरू शक्यतो उचलायचा नाही. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. वेलांटी एकच, उकारही एकच, म्हणून ‘दिन’ आणि ‘दीन’ हुबेहूब सारखे. परगण्यासाठी ‘प॥’, मौजेसाठी ‘मौ॥’. परंपरा या लिपीचं श्रेय देवगिरीच्या यादवांच्या हेमाडपंतांना देते, त्यावर अभ्यासकांत वाद आहेत. पण ती कचेरीच्या कामात घासून घडली, हे जुन्या दफ्तराच्या कुठल्याही रुमालातला कागद पाहिला तरी कळतं.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनाला दिला आहे. तो बाळबोध, म्हणजे देवनागरी, अक्षराविषयी आहे. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत सारं एकाच टाकाने लिहिल्यासारखं वाटावं. भोवती समास सोडावा, म्हणजे कागद झडला तरी अक्षर झडणार नाही. तरुणपणी फार बारीक लिहू नये, म्हातारपणी ते उपयोगी पडत नाही. किती दूरचं पाहिलं आहे! पोथी लिहिणाऱ्याने आपल्यामागून येणाऱ्या अनोळखी वाचकाची काळजी वाहायची, असा तो धडा आहे. कारकुनाचा वाचक मात्र ओळखीचा होता. पत्र दुसऱ्या कचेरीत जाणार, तिथे ते वाचणाऱ्यानेही लहानपणी तसाच कित्ता गिरवलेला. अक्षर कुठे मोडलं, कुठे गाळलं, हे त्याला समजे, कारण त्याचा स्वतःचा हात घाईत तेच करी.

आपल्याकडे नेमका तो हात नाही. म्हणून माझा आग्रह आहे की मोडी वाचायची तर आधी लिहावी. एखादा शब्द पन्नासदा भरभर लिहून पाहिला की कुठला वळसा आधी सपाट होतो, कुठली गाठ नुसती टोक होऊन राहते, हे बोटांना कळतं. मग कागदावर तसंच सपाट झालेलं वळण दिसलं की डोळा अडत नाही. चौरेघी वहीत जोडून लिहायची इंग्रजी अक्षरं गिरवणाऱ्या मुलांनाही आपण एकेक अक्षर देखणं काढायला लावतो आणि जोड शेवटी शिकवतो. तिथेही उलटा क्रम हवा.

हा प्रश्न आता हौशी अभ्यासकांपुरता उरलेला नाही. 2023 मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची जिल्ह्याजिल्ह्यांत निकड भासली. एका शब्दाच्या वाचनावर कुणाचा तरी जातीचा दाखला अवलंबून होता. 2014 साली मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली, ही मोठी सोय झाली, छपाई आणि शोध दोन्ही सोपे झाले. पण फॉन्टमधलं अक्षर दरवेळी एकाच ठशाचं येतं. जुन्या दफ्तरातलं तसं येत नाही.

मला विचाराल तर पहिले काही आठवडे वर्गात वाचन ठेवूच नये. रेघ ओढायची आणि लिहायचं. त्यानंतर पेशवाईतल्या बिवलकरी वळणाची नीटस पानं हाती द्यावीत, मग शिवकाळातलं चिटणीसी वळण, आणि खेड्यापाड्यांतली घाईगर्दीत लिहिलेली दफ्तरं सगळ्यांत शेवटी.