जाणाऱ्याच्या हाती काय द्यावे?



सैन्यातला मुलगा सुटी संपवून सीमेवर निघाला, की निघण्याआधीचे दोन दिवस त्याच्या घरी येणाऱ्या-जाणाऱ्यांची रीघ लागते. मावशी चकल्यांचा डबा घेऊन येते. काका मनगटी घड्याळ आणतात. शेजारच्या आजी त्याच्या तळहातावर जपमाळ ठेवतात आणि मूठ मिटवतात. मित्र वर्गणी काढून काचेच्या चौकटीतला मोठा फोटो देतात. पांढऱ्या रंगात नाव आणि नंबर लिहिलेली काळी ट्रंक भरता भरता भरून जाते, आणि शेवटी धाकटा भाऊ झाकणावर बसतो तेव्हा कुठे कडी लागते.

यात प्रेम आहे, याबद्दल शंका नाही. प्रेम वजनाने मोजू नये हेही खरे. पण ट्रंकेचे वजन कोणाला तरी उचलावेच लागते आणि ते देणाऱ्याला उचलावे लागत नाही. म्हणून एक प्रश्न विचारावासा वाटतो. ज्याला आधीच पुष्कळ वाहायचे आहे, त्याच्या खांद्यावर आपल्या प्रेमाने आणखी किती ठेवावे? आपण देतो ते त्याच्या गरजेसाठी, की आपल्या मनाच्या समाधानासाठी?

हा प्रश्न फार जुना आहे. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा सतरावा अध्याय आपण दावीद आणि गल्याथ यांच्या लढाईसाठी लक्षात ठेवतो. पण ती गोष्ट सुरू होते ती एका बापाने रणांगणावर पाठवलेल्या शिदोरीपासून. इशायाचे तीन थोरले मुलगे शौल राजाच्या सैन्यात होते. म्हाताऱ्या इशायाने धाकट्या दावीदाच्या हाती त्यांच्यासाठी भाजलेले धान्य आणि दहा भाकरी दिल्या. शिवाय त्यांच्या सरदारासाठी पनीराच्या दहा वड्या दिल्या, आणि भावांची खुशाली विचारून त्यांच्याकडून काही खूण घेऊन ये, असे सांगितले. त्या शिदोरीत टिकाऊ, वाटून खाता येईल आणि संपून जाईल असेच सारे होते. मुलांच्या वरिष्ठालाही तो विसरला नाही.

त्याच अध्यायात दुसरी एक भेट आहे. गल्याथाशी लढायला निघालेल्या दावीदाला शौल आपले स्वतःचे चिलखत, शिरस्त्राण आणि तलवार देतो. राजाचे चिलखत म्हणजे केवढा मान! शौलाचा हेतूही चांगलाच होता. पण दावीदाला ते घालून चालता येईना. त्याने ते उतरवून ठेवले आणि आपली गोफण, काठी व ओढ्यातले पाच गुळगुळीत गोटे घेऊन तो निघाला. शौलाने स्वतःला जे लागले असते ते दिले. इशायाने मुले कुठे आहेत आणि कोणासोबत आहेत, याचा विचार करून दिले.

आपला मुलगा कुठे जातो, याचा विचार आपणही करावा. टोकाचे उदाहरण सियाचेनचे घेऊ. १३ एप्रिल १९८४ रोजी ‘ऑपरेशन मेघदूत’ सुरू झाले, तेव्हापासून आपले जवान तिथे पहारा देत आहेत. काही चौक्या १८ ते २० हजार फुटांवर आहेत. तिथे प्राणवायू समुद्रकाठच्या जवळजवळ निम्माच मिळतो. थंडीत पारा उणे ५० अंशांपर्यंत उतरतो. वरच्या चौकीकडे बर्फातून, एकमेकांना दोराने बांधून चालत जाणाऱ्या माणसाला पाठीवरची प्रत्येक वस्तू जाणवते. आता मुलींनाही ही वाट नवी राहिलेली नाही. २०२३ च्या जानेवारीत कॅप्टन शिवा चौहान यांची सियाचेनमधील कुमार पोस्टवर नेमणूक झाल्याची बातमी आपण वाचली असेल.

अशा ठिकाणी काचेची चौकट तडकते. फोनची आणि पॉवर बँकेची बॅटरी कडाक्याच्या थंडीत भराभर उतरते. ही पॉवर बँक विमानात मोठ्या सामानात टाकूही देत नाहीत, हातातल्या पिशवीतच न्यावी लागते. बोटातली सोन्याची अंगठी आपल्याला आशीर्वाद वाटते, पण थंडीने बोट सुजले तर तीच अंगठी रक्त अडवते. बर्फातले खास कपडे आणि बूट लष्कर देतेच, त्यामुळे बाजारातले महागडे जाकीट बहुधा ट्रंकेतच राहते. सगळेच जवान सियाचेनला जात नाहीत. कोणी राजस्थानच्या वाळवंटात, कोणी ईशान्येच्या जंगलात, कोणी जहाजावर असतो. जागा बदलली की गरजही बदलते. म्हणून खरेदीला निघण्याआधी त्यालाच विचारावे, “तुला काय लागेल?” संत पौलानेही तुरुंगातून तिमथ्याला लिहिताना त्रोवसात राहिलेला आपला झगा आणि पुस्तके, त्यातही चर्मपत्रे, घेऊन येण्यास सांगितले होते. एवढ्या मोठ्या प्रेषितालाही एक साधा झगा हवा होता. मागितल्याशिवाय तिमथ्याला ते कसे कळणार?

मग द्यावे तरी काय? खिशात मावेल, मोडणार नाही आणि चारचौघांत वाटता येईल असे. आपल्या वसईची सुकेळी घ्या. उन्हात वाळवलेली ही राजेळी केळी प्रवासात टिकते, सांडत नाही आणि बराकीतल्या दहा जणांत दहा तुकडे होतात. घरच्या माणसांचा पाकिटात मावणारा, प्लास्टिकचे आवरण घातलेला एक फोटो घ्या. छोटी वही आणि पेन घ्या. सुई-दोरा आणि बटणे यांची पुरचुंडी घ्या. दोऱ्याच्या गाठी मारून केलेली जपमाळ मण्यांच्या माळेपेक्षा हलकी असते आणि वाजत नाही. आणि सगळे एकाच दिवशी द्यायला हवे, असेही नाही. जवानाच्या पत्त्यात गावाचे नाव नसते. नाव, नंबर, युनिट आणि ‘५६ ए.पी.ओ.’ किंवा ‘९९ ए.पी.ओ.’ एवढे लिहिले, की लष्कराचे टपाल त्याला शोधून काढते. निघताना मिळालेल्या दहा भेटींपेक्षा चौथ्या महिन्यात आलेले एक पाकीट त्याला जास्त दिवस पुरेल.

१९१४ च्या नाताळात इंग्लंडच्या राजकन्या मेरी यांच्या नावाने निधी उभा करून सैनिकांना एक पितळी डबी भेट देण्यात आली होती. ती जेमतेम पाच इंच लांब, सव्वातीन इंच रुंद आणि सव्वा इंच उंच होती. बहुतेक गोऱ्या सैनिकांच्या डबीत तंबाखू आणि सिगारेटी होत्या. जे ओढत नसत त्यांना लिहिण्याचे साहित्य व गोळ्या, परिचारिकांना चॉकलेट. आणि त्या वर्षीच्या सप्टेंबरात मार्सेलिसला उतरलेल्या भारतीय सैन्यासाठी? खडीसाखर आणि मसाल्याची डबी. त्या युद्धाविषयी आणि ते लढवणाऱ्या राज्याविषयी आपले मत काहीही असो, फ्रान्सच्या चिखलात उभ्या असलेल्या हिंदुस्थानी शिपायाच्या जिभेला काय हवे असेल, हा विचार कोणीतरी केला होता. आतला खाऊ संपल्यावर पुष्कळांनी त्या डबीत आपल्या बारीकसारीक वस्तू ठेवल्या.

आता थोडे अवघड बोलतो. आपण वस्तूबरोबर बहुतेक वेळा एक अटही देतो. आई मुलाच्या गळ्यात पवित्र मरियेचे पदक घालते आणि म्हणते, “हे कधीही काढू नकोस हं, माझी शपथ आहे.” तिच्या डोळ्यांतले पाणी कोणाला कळत नाही? पण त्या मुलाचे काय होते, तेही पाहावे. एखाद्या रात्री धावपळीत साखळी तुटते आणि पदक बर्फात कुठेतरी पडते. ज्या घडीला त्याचे सारे लक्ष पायाखालच्या वाटेकडे असायला हवे, त्या घडीला त्याच्या मनात शिरते, ‘आईची शपथ मोडली, आता काही वाईट होणार.’ धीर यावा म्हणून घातलेल्या पदकातून भीती उभी राहिली. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणाच्या ग्रंथात याविषयी स्पष्ट शिकवण आहे. अंतःकरणाची वृत्ती बाजूला ठेवून केवळ बाह्य कृतीत किंवा खुणेत सामर्थ्य आहे असे मानणे, ही अंधश्रद्धा होय. पदक म्हणजे ताईत नव्हे. देव साखळीच्या कडीवर अवलंबून नाही.

म्हणून पदक जरूर द्यावे, पण त्याबरोबर हेही सांगावे, “हरवले तर हरवू दे. कोणाला द्यावेसे वाटले तर देऊन टाक.” माझ्या मते सैनिकाला द्यायच्या भेटीची खरी कसोटी हीच आहे. जी वस्तू तो बिनघोर हरवू शकतो, वाटू शकतो, मागे टाकून पुढे जाऊ शकतो, तीच त्याच्यासाठी हलकी. घड्याळ तोळाभर वजनाचे असेल, पण “आजोबांची शेवटची आठवण आहे, जिवापाड जप” असे सांगून दिले, तर ते खडकाएवढे जड होते. आजोबांचे घड्याळ घरीच राहू द्यावे. साधे घड्याळ द्यावे.

कोणी म्हणेल, मग भेटीला अर्थ काय राहिला? जपण्यातच तर प्रेम असते! हे म्हणणे अगदीच खोटे नाही. घरची एखादी वस्तू जवळ असली की रात्रीच्या पहाऱ्यावर माणूस एकटा राहत नाही. पण ती जपायची की नाही, हे त्याने ठरवावे. स्वतःहून जपलेली वस्तू सोबत करते. शपथ घालून दिलेली वस्तू पहारा करते, आणि पहारा त्याच्या वाट्याला आधीच पुष्कळ आहे.

जी भेट त्याला मुळीच उचलावी लागत नाही, तिचा उल्लेख राहिलाच. निघताना त्याच्या मनात काय असते? बाबांच्या रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर कोण आणील? पावसाळ्याआधी छपराची कौले कोण बघेल? बायको बाळंत होईल त्या रात्री रिक्षा कोण बोलावील? बँकेच्या आणि विम्याच्या कागदांवर वारसाचे नाव लागले आहे की नाही? यांपैकी एक ओझे आपण नाव घेऊन उचलावे. “काही लागले तर सांगा” असे मोघम बोलू नये, कारण त्या घरचे कधीच सांगत नाहीत. “दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी बाबांची औषधे मी आणीन” असे त्याच्यासमोर सांगावे, आणि तो दिसेनासा झाल्यावरही ते पाळावे. ही भेट ट्रंकेत जागा घेत नाही, पण तिच्यामुळे ट्रंक हलकी होते.

आणखी एक भेट फुकटात देता येते. तो कुठे निघाला, कोणत्या गाडीने, किती जणांबरोबर, हे व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नये. २०२० मध्ये लष्कराने सुरक्षेच्या कारणावरून जवानांना ८९ अ‍ॅप फोनमधून काढून टाकायला लावले. त्यांनी एवढे सोडले, तर आपण एका फोटोचा मोह सोडायला हरकत नसावी.

इशायाने मुलांना शिदोरी पाठवली, तशी त्यांच्याकडून खूणही मागवली. आपणही जाणाऱ्याकडून काही मागून घ्यावे. त्याची जुनी टोपी, त्याच्या हातची एक ओळ, किंवा नुसते एखादे काम. त्यालाही द्यायचे असते. आणि तो निघून गेला, की पहिला शनिवार कधी येतो, तेवढे कॅलेंडरवर खूण करून ठेवावे.