बिहेव!

लग्नाच्या हॉलमध्ये पोरगं खुर्चीवर चढलं की आई दात आवळून म्हणते, "बिहेव युवरसेल्फ!" घरी तीच आई 'गप बस' म्हणते. चारचौघांत मात्र दटावणं इंग्रजीतच होतं.

या क्रियापदाची गंमत अशी की 'चांगलं' असं वेगळं सांगावं लागत नाही. नुसतं 'बिहेव' म्हटलं की नीट वाग. पंधराव्या शतकाच्या आसपास 'हॅव'ला 'बी' जोडून हा शब्द झाला. अर्थ, स्वतःला सांभाळणं. म्हणजे सांभाळायचंही आपणच आणि आपल्यालाच. प्रत्यक्षात मात्र तो वरच्यानं खालच्याला ऐकवायचा शब्द झाला आहे. साहेबाला कोण म्हणतं, बिहेव?

कायद्याच्या इंग्रजीतही हा शब्द आहे. नाक्यावरच्या पोराला 'चॅप्टर' म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं आठवं प्रकरण शांतता आणि 'गुड बिहेवियर' यांसाठी जामीन लिहून घेण्याचं. त्यावरून पोलीस ठाण्यात 'चॅप्टर केस' हा शब्द रूढ झाला. निवडणुका किंवा गणपती जवळ आले की नोटिसा निघतात. मग गावात तहसीलदारापुढे, शहरात सहायक पोलीस आयुक्तापुढे उभं राहून बाँड लिहून द्यायचा. सराईत ठरला तर तीन वर्षांपर्यंतचा. जुलै २०२४पासून नवी संहिता आली, प्रकरण आठवं होतं ते नववं झालं. पोरं अजून चॅप्टरच म्हणतात.

हाच शब्द वरच्यांना लावणारी एक जागा आपल्या राज्यघटनेत आहे. अनुच्छेद १२४ म्हणतो, सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला काढायचं तर 'मिसबिहेवियर' किंवा अक्षमता शाबीत व्हायला हवी. शिवाय दोन्ही सभागृहांत विशेष बहुमत हवं. मिसबिहेवियर म्हणजे नेमकं काय, हे घटना सांगत नाही. न्यायाधीशाला असं कवच हवंच, नाहीतर सरकार त्याला उद्या घरी बसवेल. पण नाक्यावरच्या पोराला शांतता बिघडवण्याची नुसती शक्यता पुरते आणि इथे शाबीत व्हावं लागतं, हे अंतर खटकतंच.

१९९३ साली सर्वोच्च न्यायालयाचे न्या. व्ही. रामस्वामी यांना काढण्याचा असा ठराव लोकसभेत आला. चौकशी समितीनं ठपका ठेवलेला होता. ठरावाच्या बाजूनं १९६ मतं पडली, विरोधात एकही नाही. काँग्रेसचे खासदार सभागृहात बसून होते, पण त्यांनी मतच दिलं नाही. विशेष बहुमत झालं नाही, ठराव पडला.