तितिक्षा आणि पेशी

शीत-उष्ण, सुख-दुःख देणारे विषयांचे स्पर्श येतात आणि जातात, ते सोसावेत, असे गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुनाला सांगितले आहे. वेदान्ताने या सोसण्याला तितिक्षा म्हटले आणि शम, दम, उपरती, श्रद्धा, समाधान यांच्या पंक्तीत बसवून मुमुक्षूची पात्रता ठरवली. शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या ‘विवेकचूडामणी’त तिची व्याख्या कडक आहे: दुःख सोसायचे ते प्रतिकार न करता, चिंता आणि विलाप टाळून. अशी तितिक्षा देहाला शक्य आहे का, आणि जो प्राणी गीता जाणत नाही त्याच्या सोसण्याला काय म्हणायचे, हा इथला प्रश्न आहे.

अहिल्यानगर जिल्ह्यात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० साली, प्रवरेकाठी नेवाशात ज्ञानेश्वरांनी गीतेवरची मराठी टीका सांगितली. त्याच जिल्ह्यात राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने होल्स्टीन फ्रिजियन, जर्सी आणि गीर या तीन वंशांतून ‘फुले त्रिवेणी’ ही संकरित गाय तयार केली. विदेशी रक्त दुधासाठी आणि गीर इथल्या उन्हासाठी, असा ढोबळ हिशेब.

वैशाखात दुपारी पत्र्याच्या गोठ्यात संकरित गाय बसत नाही, उभीच राहते, म्हणजे अंगाला चहूबाजूंनी वारा लागतो. मान पुढे काढलेली, तोंडातून लाळेची तार, मिनिटाला ८०च्या पुढे गेलेले श्वास. वैरण तशीच पडलेली असते. ती सोसते आहे, असे पाहणाऱ्याला वाटते. पेशीत मात्र धावपळ चाललेली असते.

ही धावपळ प्रथम दिसली ती योगायोगाने. इटलीत फेरुच्चो रितोसा फळमाशीच्या लाळग्रंथींतील गुणसूत्रे पाहत होते. ऊबपेटीचे तापमान कोणीतरी वाढवले आणि गुणसूत्रांवर ठरावीक जागी फुगवटे आले. हे निरीक्षण १९६२ साली प्रसिद्ध झाले. अशा उष्णतेत पेशी कोणती प्रथिने तयार करते हे १९७४ मध्ये कळले आणि त्यांना हीट शॉक प्रथिने हे नाव मिळाले. प्रथिनाचे काम त्याच्या घडीवर अवलंबून असते. उष्णतेने घडी उलगडते, उलगडलेली प्रथिने एकमेकांना चिकटून गोळे होतात आणि पेशी मरते. हीट शॉक प्रथिने सुटलेल्या घड्यांना धरून ठेवतात, पुन्हा नीट बसवतात. न सुधारणारी प्रथिने मोडीत काढायला लावतात. एरवी हीट शॉक प्रथिनांपैकी काही एचएसएफ-१ या नियंत्रकाला अडवून धरतात. बिघडलेली प्रथिने वाढली की ही अडवणारी प्रथिने तिकडे गुंततात, नियंत्रक मोकळा होतो आणि नव्या हीट शॉक प्रथिनांची निर्मिती सुरू करतो. गजराची ही रचना इतकी नेटकी आहे की तिच्यात हेतू शोधण्याचा मोह व्हावा.

एकदा सौम्य उष्णता सोसलेली पेशी नंतरची एरवी मारक ठरणारी उष्णताही काही काळ निभावून नेते. सहारातील कॅटाग्लिफिस मुंगी तर वारुळाबाहेर पडण्यापूर्वीच ही प्रथिने साठवून ठेवते. याला तपश्चर्येचा देहातला पुरावा मानणे सोपे आहे, पण घाईचे आहे. हे बळ थोड्या दिवसांत ओसरते. शिवाय ते फुकटही नसते. या प्रथिनांची निर्मिती जोरात असताना पेशी आपली नेहमीची बरीच कामे मागे ठेवते, आणि ती कायम जास्त राहिली तर वाढ खुंटते. गायीचे दूध घटते तेही याच हिशेबात पाहावे लागते. ती चारा कमी खाते, कारण पचनातूनही उष्णता निर्माण होते. दूध घटण्याचे ते एकच कारण नव्हे, पण मालकाचे नुकसान हा गायीच्या बाजूने उपायाचाच एक भाग असतो.

अप्रतिकार पेशीच्या पातळीवर कुठेच नाही, हे यातून स्पष्ट होते. प्रतिकार थांबला की सोसणेही संपते. वेदान्ती यावर म्हणेल की डागडुजी प्रकृती करते, तितिक्षा मनाने धरायची असते. हे उत्तर टिकाऊ आहे. विलाप सोडणे मनाच्या हातात असते, घाम सोडणे नसते. पण मग ते दोन्हीकडून लागू करायला हवे. गायीच्या सोसण्यात पुण्य नाही, कारण ‘हे येते आणि जाते’ हा विचार तिथे गृहीत धरता येत नाही. आणि तिच्या सोशिकपणाचे कौतुक करून तिला उन्हात ठेवण्याला तितिक्षेचा आधार मिळत नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात स्वतःच्या देहाला छळणारे आणि दुसऱ्याचा घात करण्यासाठी केलेले तप तामस ठरवले आहे. दुसऱ्याच्या देहावर लादलेल्या तपाला तिथे नावही नाही.

गीर सोशीक, हे बोलणेही थोडे तपासावे लागते. गीर ज्यात मोडते त्या झेबू वंशाच्या भ्रूणपेशी प्रयोगशाळेतील उष्णतेत होल्स्टीनच्या पेशींपेक्षा चांगल्या तगतात, हे खरे. पण त्या गायींचे मोठे बळ दुसरीकडे आहे: सैल, आखूड केसांची कातडी, घामाची चांगली सोय आणि शरीरात मुळातच कमी निर्माण होणारी उष्णता. तिच्या पेशीपर्यंत ताप उशिरा पोचतो, म्हणजे पुष्कळदा तिला सोसावेच लागत नाही. सेनेपोल गायींतील आखूड केसांचे जनुक होल्स्टीनमध्ये आणण्याचे प्रयत्न याच दिशेचे आहेत. पैदासकाराला दोन्ही वाटा खुल्या आहेत. अधिक ताप पचवणारी पेशी निवडली तर जनावरावर ताप वाढवायला वाव राहतो. ताप आत येऊ न देणारी कातडी निवडली, वर सावली आणि पाणी दिले, तर दुरुस्तीचे ते काम पेशीला बरेच कमी करावे लागते.