विषारी सर्प आणि आपलें कर्तव्य

बुलढाणा जिल्ह्यांत कपाशींत घोणस दिसली, कीं काठी उचलली जाते. नागपंचमीस मात्र तोच हात नागापुढें दूध ठेवतो! १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें आज परवानगीवांचून नाग-घोणस धरणें वा पाळणें निषिद्ध आहे. तथापि नाग, मण्यार, घोणस व फुरसें यांचें विष घोड्यांस टोंचूनच प्रतिविष सिद्ध होतें. म्हणजे काठीवाल्याचा प्राणही प्रसंगीं सापाच्याच ऋणांत! तेव्हां औषधापुरतें सापांचें बंधन आम्ही मान्य करूं. पण पिंजऱ्यांत पिलें वाढवून ‘जाति राखली’ म्हणणें आम्हांस पटत नाहीं. घोणस एका वेतांत कितीतरी पिलें घालते. तिला उणीव संततीची नव्हे, जागेची. धरलेली घोणस ज्ञानगंगेच्या अरण्यांत सोडणें सोपें. परंतु उंदरांचा हा शत्रु बांधावरच राहूं द्यावयाचा, तर रात्रीं पाणी धरणाऱ्या शेतकऱ्यास विजेरी आणि बूट कोण देणार?