प्रतिस्पर्ध्याचे मरण आणि गीतेतील शोकविचार

आप्ताच्या मृत्यूचा शोक जगाला समजतो. त्याला विधी आहेत, सुतक आहे, दाराशी येऊन बसणारी माणसे आहेत. परंतु ज्याला मागे टाकण्यासाठी वर्षानुवर्षे कष्ट केले, ज्याच्या चुकीने आपला लाभ व्हावा अशी इच्छाही कधी मनात डोकावून गेली, असा प्रतिस्पर्धी डोळ्यांदेखत मरण पावला तर त्या शोकाला लौकिकात ना नाव आहे ना सुतक. श्रीमद्भगवद्गीतेच्या वाचकाला मात्र हा शोक अनोळखी वाटू नये. गीतेचा आरंभच त्याने झाला आहे. अर्जुनाचे अंग गळाले, गांडीव हातातून सुटू लागले, ते ज्यांच्याशी लढावयाचे होते त्यांच्याच विचाराने.

मोटारसायकलींच्या शर्यतीत कोणीही कोणाचा प्राण घेण्यास येत नाही. हा तिच्यातील आणि रणांगणातील मोठा भेद होय. तथापि मृत्यू तेथे जवळच उभा असतो आणि प्रत्येक स्वाराला ते ठाऊक असते. दि. 23 ऑक्टोबर 2011 रोजी मलेशियातील सेपांग येथे मोटोजीपी जागतिक स्पर्धेची शर्यत चालू होती. दुसऱ्याच फेरीत मार्को सिमोनचेल्ली या चोवीस वर्षांच्या इटालियन स्वाराचे वाहन वळणावर कलले. असे वाहन सहसा घसरत मार्गाच्या बाहेर जाते. त्या दिवशी ते उलट आत वळले आणि मागून येणाऱ्यांच्या वाटेत आले. अमेरिकेचा कॉलिन एडवर्ड्स आणि इटलीचाच व्हॅलेंटिनो रॉसी यांना वळण्यास अवकाशच नव्हता. दोघांच्याही वाहनांचा आघात सिमोनचेल्लीवर झाला, त्याचे शिरस्त्राण निघून पडले आणि थोड्याच वेळात त्याचे देहावसान झाले. शर्यत रद्द झाली. एडवर्ड्सचा खांदा निखळला. रॉसीला फारशी इजा झाली नाही. परंतु मृत तरुण त्याचा प्रतिस्पर्धी होता, तसाच स्नेही होता आणि सरावातला सोबतीही होता.

ज्याच्या हातून, इच्छा नसताना, असे घडले त्याने काय करावे? 'भगवंताने अर्जुनाला निमित्तमात्र हो म्हटले आहे, तूही निमित्तच होतास' असे कोणी त्याला घाईने सांगू लागला तर ते सांत्वन नव्हे. अकराव्या अध्यायातील तो शब्द विश्वरूप पाहून नम्र झालेल्या भक्तासाठी आहे. हात झटकू पाहणाऱ्यासाठी नाही. या प्रसंगी अधिक उपयोगी पडतो तो अठराव्या अध्यायातील कर्मविचार. कोणत्याही कर्माच्या सिद्धीला भगवंत पाच कारणे सांगतात: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, नाना प्रकारच्या चेष्टा आणि पाचवे दैव. एवढी कारणे असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता मानतो त्याची बुद्धी अजून संस्कारली गेली नाही, असाही त्यांचा अभिप्राय आहे. सामान्यतः हे वचन यशाने फुगलेल्या माणसाला ऐकवले जाते. वस्तुतः ते अपराधाच्या भावनेने खचलेल्यालाही तितकेच लागू आहे. 'मी मारले' या वाक्यातला 'मी' 'मी जिंकलो' या वाक्यातल्या 'मी'चाच भाऊ होय. सेपांगच्या त्या क्षणी मार्ग होता, चाकाची पकड होती, पुढच्याची चेष्टा होती, मागच्यांचा वेग होता. यांतून एकट्या स्वतःला वेगळे काढून सारा भार त्याच्यावर ठेवणे हा अहंकार आहे. तो दुःखाचा वेष घेऊन येतो, म्हणून ओळखू येत नाही इतकेच.

येथे एक सावधगिरी हवी. भगवंतांनी दैव पाचवे सांगितले आहे, पहिले नव्हे. आधीच्या चार कारणांचा शोध न घेता दैवाकडे बोट दाखवणे हा आळस आहे, आणि जेथे प्राणांचा प्रश्न आहे तेथे तो अधर्मही आहे. 2003 साली जपानमधील सुझुका येथे दाइजिरो काटो हा जपानी स्वार शर्यतीत जबर जखमी होऊन दोन आठवड्यांनी निवर्तला. त्यानंतर मोटोजीपीची शर्यत त्या मार्गावर झालेली नाही. 2018 पासून या स्पर्धेत स्वाराच्या पोशाखात हवेची पिशवी सक्तीची झाली. मृतासाठी ढाळलेल्या अश्रूंइतकेच हेही त्याचे ऋण फेडणे आहे.

दुसरे शल्य आणखी खोल रुतते. ते न मिटलेल्या भांडणाचे होय. सिमोनचेल्लीच्या धाडसी स्वारीविषयी त्याच वर्षी पुष्कळ तक्रारी झाल्या होत्या. मे 2011 मध्ये फ्रान्समधील ले मान्स येथे त्याच्याशी झालेल्या टकरीत स्पेनच्या दानी पेड्रोसाच्या गळ्याजवळचे हाड मोडले आणि त्याला पुढच्या तीन शर्यतींना मुकावे लागले. पंचांनी सिमोनचेल्लीला त्याच शर्यतीत दंडही केला. पाच महिन्यांनी तो मरण पावला. अशा वेळी वाचलेल्या प्रतिस्पर्ध्याच्या मनात काय उसळत असेल हे बाहेरच्याने ठरवू नये. पण ज्याच्यावर रागावण्याचा हक्क होता तोच निघून गेला की राग निराधार होतो आणि पुष्कळदा स्वतःवरच उलटतो, हा अनुभव शर्यतीबाहेरच्या संसारातही आहे. दुकानाशेजारी दुकान असणाऱ्यांना, एका कचेरीत एकाच पदाची आस धरणाऱ्यांना, वाटणीसाठी भांडलेल्या भावांना तो येतो.

महाभारतात या शल्याचे नाव युधिष्ठिर आहे. कर्ण पडला तेव्हा पांडवांच्या शिबिरात हर्ष झाला होता. युद्ध संपल्यावर गंगेच्या तीरी मृतांना जलांजली देण्याची वेळ आली, तेव्हा कुंतीने सांगितले की कर्ण तुमचा ज्येष्ठ बंधू होता. ज्याच्या भयाने युधिष्ठिराला वर्षानुवर्षे झोप नव्हती, त्याच्यासाठी त्याने तिलांजली दिली आणि राज्य मिळूनही तो शोकाने व्याकुळ झाला. लंकेत रावण पडल्यावर बिभीषण अंत्यसंस्काराला कचरला, तेव्हा श्रीरामांनीच त्याला ते करावयास लावले. भांडण खोटे होते असे म्हणण्याची आवश्यकता नाही. मृताच्या ठायी दोष नव्हते असे भासवण्याचीही नाही. त्याचा दोष दोष म्हणून राहू द्यावा आणि तरीही ओंजळभर पाणी द्यावे.

सांत्वन करणाऱ्यांनीही गीतेचा क्रम पाहावा. आत्मा मरत नाही हा दुसऱ्या अध्यायातला सिद्धांत सत्य आहे, म्हणून तो मृतदेह उचलला जात असतानाच म्हणून दाखवावा असे नाही. अर्जुन बोलत होता तोवर पहिला अध्याय संपेपर्यंत भगवंत ऐकत राहिले. मग त्यांनी थोडे टोचून पाहिले. तेवढ्याने शोक हलला नाही. अर्जुनाने शिष्य होऊन विचारले, तेव्हा कोठे ज्ञान सांगितले गेले. न विचारलेल्याला ज्ञान सांगण्याची हौस पुष्कळांना असते. दुःखिताच्या घरी तर ती फारच वाढते.

सेपांगनंतरच्या दोन आठवड्यांनी स्पेनमधील व्हॅलेन्सिया येथे वर्षाची अखेरची शर्यत झाली. एडवर्ड्स जखमी होता, रॉसी उतरला. एक मिनिट स्तब्धता पाळण्याची रीत असते, पण मृताचे वडील पाओलो यांनी स्तब्धतेऐवजी गडगडाट मागितला. माजी जगज्जेता केव्हिन श्वांट्झ सिमोनचेल्लीच्या वाहनावर बसून पुढे आणि बाकीचे स्वार मागे अशी एक फेरी झाली. मग शर्यत झाली. काहींना यात निष्ठुरपणा दिसला. वरवर पाहता एकच दिसणारे कृत्य दोन अगदी भिन्न चित्तांतून निघू शकते. शोक टाळण्यासाठी, तो मागून येऊन गाठू नये म्हणून, कोणी वेगाचा आश्रय घेतो. आणि कोणी शोक उरात ठेवूनच आपले काम करतो. पहिला मोह, दुसरा योग. त्याचप्रमाणे जो वाहन कायमचे ठेवून देतो त्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार प्रेक्षकाला नाही. स्वधर्म ज्याचा त्याने शोधावयाचा असतो. तिकीट काढून बसलेल्याने तो सांगावयाचा नसतो.

पाओलो सिमोनचेल्ली शर्यतीपासून दूर गेले नाहीत. पुत्राच्या 58 या क्रमांकाचे नाव धारण करणारा संघ त्यांनी उभारला आणि तेथे दुसऱ्यांच्या मुलांना घडवू लागले. 2019 च्या सप्टेंबरात मिझानो येथे, त्यांच्या पुत्राचेच नाव दिलेल्या मार्गावर, त्या संघाचा तात्सुकी सुझुकी हा जपानी तरुण आपल्या गटात पहिला आला. ज्याचे फळ हिरावले गेले त्यानेच कर्म चालू ठेवावे, याहून निष्काम कर्माचे उदाहरण शोधण्यास ग्रंथ उघडावा लागत नाही.

परंतु स्वधर्माची ही भाषा प्रौढांची आहे. दि. 5 ऑगस्ट 2023 रोजी चेन्नईजवळील मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर अवघा तेरा वर्षांचा एक बालस्पर्धक शर्यतीत मृत्युमुखी पडला. त्या आठवड्याच्या उरलेल्या शर्यती रद्द झाल्या, ते योग्यच झाले. त्याच्याबरोबर त्या दिवशी जे धावत होते तेही मुलगेच होते. अशा मुलापुढे वीरवृत्तीची व्याख्याने करू नयेत, आणि दैव म्हणून गप्पही बसवू नये. काय घडले ते त्याला खरेखरे सांगावे. तो गेलेल्याविषयी काही कडवट बोलला असेल आणि आता त्याच आठवणीने जळत असेल, तर ते त्याला बोलून टाकू द्यावे. शक्य असेल तर वडीलधाऱ्यांनी त्याला बरोबर घेऊन मृताच्या घरी जावे, तेथे थोडा वेळ नुसते बसावे. वाहन झाकून ठेवावे. ते आच्छादन पुन्हा कधी काढावयाचे, की काढावयाचेच नाही, हा प्रश्न त्या वर्षी घरात कोणीही काढू नये.