खरे सांगण्याचा खर्च कोणी सोसावा?

खोटे लिहिले तरी कोणाच्या ध्यानात येणार नाही असा एखादा अर्ज भरताना आपण काय लिहू? ‘खरे तेच लिहू’ हे उत्तर आपल्या ओठांवर तयार असते. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नये, ही आज्ञा आपण बालपणापासून पाठ केलेली आहे. पण करोनाच्या साथीत परदेशांतून परतणाऱ्यांना या आज्ञेची जी परीक्षा द्यावी लागली, ती इतकी सोपी नव्हती.

२४ मे २०२० रोजी भारत सरकारने नियम केला, तो असा: लक्षणे नसलेल्यालाच विमानात प्रवेश, उतरल्यावर चौदा दिवसांचे विलगीकरण, पैकी पहिले सात दिवस ठरवून दिलेल्या ठिकाणी, स्वखर्चाने. पुढे ‘एअर सुविधा’ या संकेतस्थळावर स्वयंघोषणापत्र भरणे आले. फेब्रुवारी २०२१ पासून, प्रवासापूर्वी ७२ तासांच्या आत केलेल्या चाचणीचा अहवाल आणि तो खरा असल्याची प्रतिज्ञा मागण्यात येऊ लागली. २२ नोव्हेंबर २०२२ रोजी हे घोषणापत्र बंद झाले. प्रश्न मात्र उरला आहे.

कल्पना करा, आखाती देशात राबणारा वसईचा एक तरुण आहे. गावी आई अखेरच्या घटका मोजत आहे. त्याच्या अंगात किंचित कणकण आहे. ‘ताप आहे काय?’ या प्रश्नापुढे ‘होय’ लिहिले तर विमान गेले, आणि आईची भेटही गेली. तो म्हणेल, मिसरातील सुइणींनी फारोला खरे कोठे सांगितले? आणि तरी देवाने त्यांचे कल्याण केलेच ना? त्याच्या दुःखापुढे मी नतमस्तक आहे. त्याचा युक्तिवाद मात्र मला मान्य नाही. त्या सुइणींनी दुसऱ्यांची लेकरे वाचविण्यासाठी राजाचा कोप स्वतःवर ओढवून घेतला. येथे धोका पडतो तो शेजारच्या आसनावर बसलेल्या वृद्धावर, आणि त्याला कोणी विचारलेलेही नसते. असत्याचे ओझे कोणाच्या खांद्यावर पडते, हे पाहिल्यावाचून दोन असत्यांना एका मापाने मोजता येत नाही.

असे कागद काही नवे नाहीत. १३७७ साली एड्रियाटिक समुद्राकाठच्या रगूसा नगराने, म्हणजे आजच्या दुब्रोव्हनिकने, प्लेगग्रस्त प्रदेशांतून येणाऱ्यांना महिनाभर बाहेर राहिल्यावाचून नगरात प्रवेश नाही, असे ठरविले. तीसाचे पुढे चाळीस दिवस झाले. ‘क्वारंटीन’ हा शब्द त्या चाळिसातूनच आला. इटलीतील नगरे प्रवाशाजवळ आरोग्याचा दाखला मागत. त्याचे नाव ‘फेदे दी सानिता’. ‘फेदे’ म्हणजे विश्वास! भाषांतराचे काम करणाऱ्याला असा शब्द भेटला की तो जरा वेळ तेथेच रेंगाळतो. वेशीवरचा पहारेकरी प्रवाशाचे अंतरंग पाहू शकत नव्हता, आणि आजचा अधिकारीही पाहू शकत नाही. त्याने मागितलेला कागद ही एका परक्याने दुसऱ्या परक्याजवळ केलेली विश्वासाची याचनाच असते.

परंतु मागणाऱ्यावरही काही बंधन आहे की नाही? लेवीयच्या तेराव्या अध्यायात याजक संशयिताला सात दिवस वेगळे ठेवतो. ही शिक्षा नव्हे. निर्णय राखून ठेवणे आहे. चौथ्या वचनात तर मूळ इब्री वाक्यात, कोंडून ठेवायचा आहे तो ‘नेगा’, म्हणजे चट्टा. मराठीत ‘मनुष्य’ हा शब्द घातल्यावाचून आपले वाक्य उभे राहत नाही. लगेच पुढच्या वचनात मनुष्यही येतो, म्हणून यावर फार मोठा सिद्धांत रचू नये; तरीही आवरायचे आहे ते रोगाला, एवढी आठवण तेथे राहून जाते. आपल्याला ती राहिली होती काय? मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रात गृह विलगीकरणातील प्रवाशांच्या डाव्या हातावर न पुसणाऱ्या शाईचा शिक्का मारू लागले. जर्मनीहून आलेले चौघे तसे शिक्के घेऊन गरीबरथाने निघाले असता सहप्रवाशांनी ते पाहिले आणि त्यांना पालघरला उतरविण्यात आले. उतरविले ते योग्यच झाले. पण नियम पाळून घरी बसलेल्यांकडेही शेजारपाजारच्यांनी ज्या नजरेने पाहिले, तिला विलगीकरण म्हणत नाहीत. आपल्या भाषेत तिला वाळीत टाकणे म्हणतात.

आणि खर्च? लेवीयच्या चौदाव्या अध्यायात, शुद्ध ठरलेल्याने कोकरे अर्पावीत असे सांगून झाल्यावर, तो गरीब असेल तर एकच कोकरू आणि दोन होले किंवा पारव्याची दोन पिले पुरेत, अशी तरतूद आहे. २०२० च्या नियमांतही गरोदर स्त्रिया, घरात मृत्यू झालेले, गंभीर आजारी, दहा वर्षांखालील मुलांचे पालक यांना घरी राहण्याची सवलत होती, हे नमूद केले पाहिजे. परंतु काम सुटून रिकाम्या हाताने परतणाऱ्या मजुराचा खिसा या यादीत नव्हता. सात रात्रींच्या हॉटेलचे बिल ज्याला झेपते, त्याला खरे लिहिणे स्वस्त पडते. ज्याला ते झेपत नाही, त्याच्या असत्याला मी सत्य म्हणणार नाही. पण ते बिल कोणी भरायला हवे होते, हे मी त्याला न विचारता आपल्या मंडळ्यांना विचारीन, ज्यांची सभागृहे त्या उन्हाळ्यात कुलपे लावून रिकामी होती.